बोर्डोला जाण्याआधीचं येसर

मी नाशिककडच्या एका वाइनरीत काम करते हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त त्यावर कुणी बोलत नाही. गेल्या उन्हाळ्यात मात्र बोलावंच लागलं. फ्रान्समधल्या बोर्डोला, द्राक्षतोडणीच्या हंगामात, तीन महिने शिकायला जायची संधी आली होती. मायनं हो म्हटल्याशिवाय मी जाणार नव्हते. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, दारूनं गेला. शेवटचं दवाखान्यात नेताना त्याचं डोकं मांडीवर घेऊन जीपमध्ये तीच बसली होती. अशा बाईला कोणत्या तोंडानं विचारायचं?

आमच्या गावी, वडवणीत, एसटीतून उतरले आणि घर येईपर्यंत बोलायची वाक्यं जुळवत राहिले.

वडिलांचं सोपं निघालं. त्यांनी दारूचं नावच काढलं नाही. "जमीन कशी हाय तिथली?" एवढंच विचारलं. मी सांगितलं, मोठी नदी आहे, समुद्र जवळ. एका काठाला नुसते गोटे, दुसऱ्या काठाला चिकणमाती. गोट्यांत काबर्ने ही द्राक्षाची जात लावतात, ती उशिरा पिकते. चिकणमातीत मर्लो, ती आधी येते. ऐन तोडणीत पाऊस आला तरी दोन्हींतली एक हाताला लागते, म्हणून तिथली तांबडी वाइन दोन्ही मिळून करतात.

"शहाणी हायत की मंग," वडील म्हणाले. बाजरीत तूर पेरणाऱ्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

माय आतून ओरडली, "मिसळतेत? म्हंजी भेसळच की!"

मला रागच आला. इतकी वर्षं शिकले ते भेसळ करायला का? तणतणत आत गेले. ती चुलीपुढे बसून येसर करत होती. धान्यं, डाळी, मसाले भाजून दळायचे, त्याचं येसर. आमच्याकडे लग्नाच्या आमटीला ते लागतंच, आणि चुलत बहिणीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. काम लवकर उरकावं, म्हणजे मला बोलता येईल, म्हणून मी गहू, हरभऱ्याची डाळ आणि धने एकदमच कढईत ओतले.

मायनं उलथनं माझ्या हातावरच हाणलं. "अक्कल गहाण ठिवलीस का गं? धने जळतेल अन् डाळ कच्ची राहील. ज्याची त्याची आच येगळी असती."

"मंग तिथंबी तेच करतेत," मी हात चोळत म्हणाले. "मर्लोची टाकी येगळी, काबर्नेची येगळी. दोन्ही आपापल्या परीनं मुरू देतेत. मंग चाखून चाखून ठरवतेत, कुणाचं किती घालायचं. दर सालाला माप येगळं."

"ठरवतं कोण?"

"मी जाणार हाय तिथं एक सत्तरीची बाई हाय. ती."

कढई उतरवून मायनं मी घातलेला घोळ सुपात घेतला आणि अर्धा माझ्यापुढे लोटला. गहू एकीकडे, डाळ एकीकडे, धने एकीकडे करत आम्ही बराच वेळ बसलो. मला वाटलं, जमलं आपलं. मनातल्या मनात मी बॅगही भरायला घेतली.

मग मान वर न करता तिनं विचारलं, "तिथं कुणाचा भाऊ दारूनं मरत न्हाई का?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं. वाइनरी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना मी ते रोज हसून देते: तिथले लोक जेवताना, निवांत बसून, एकच ग्लास घेतात. तिच्यासमोर ते माझ्या तोंडून निघेना. मामा मला फार आवडायचा.

"मरतो," मी म्हणाले. "तिथंबी मरतो."

तिचे हात थांबले. संपलं, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी तिनं नाही म्हटलं असतं तर मी वादही घातला नसता.

"कधी निघायचंय?" तिनं विचारलं.

"सप्टेंबरात. पण माय, तू..."

"तुझा मामा घरातून निघताना दर येळी खोटं बोलायचा," ती म्हणाली. "तू खरं बोलून चाललीस. जा."