टमटममधली रिमिक्स कॅसेट

रोह्याहून आम्हाला धाटावच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला नेणाऱ्या त्या टमटमवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो एक दिवस भजन लावायचा, एक दिवस कव्वाली. मग मुंबईत दंगल पेटली आणि टमटममध्ये माणसं अंग चोरून बसू लागली. दोन्ही कॅसेटी सीटखाली गेल्या. दुबईहून त्याच्या चुलतभावाने आणलेली, कुण्या दोन गोऱ्या पोरांची रिमिक्स कॅसेट वाजू लागली. नुसती धडधड. कुणी मुंबईचा विषय काढला की याचा अंगठा आवाज वाढवायला बटणावर.

भजनाला टाळी धरणारे कंपनीचे वॉचमनकाका वैतागले, "एकच गाणं किती वेळा रे?"

"एकच हाय, पण दर टायमाला निराळं वाजवलंय. आन् काका, त्यात शब्द नाय. म्हणून तर लावतोय."



महिन्याभराने एका सकाळी ती कॅसेट मशीनमध्ये गुरफटली. काकांनीच वाकून सीटखाली हात घातला आणि कव्वालीची कॅसेट पुढे केली.

"ही लाव. तुझ्या त्या धडधडीला टाळी नाय धरता येत."

त्याने लावली. काकांची टाळी सुरू झाली, मागून आणखी एक. त्याचा अंगठा सवयीने बटणावर गेला. टाळ्या ऐकू याव्यात म्हणून या वेळी त्याने आवाज कमी केला.