दस्तीतल्या तीन भाकरी

आमच्या वसाहतीत चालायला जागा सोडून सगळं आहे, असं मी येईल त्या पाहुण्याला सांगते. परभणीच्या या टोकाला काही वर्षांपूर्वी तूर आणि कापूस उभा असायचा. आता खाली दुकानं, वर फ्लॅट. क्लास, दवाखाना, जिम, मोमोची गाडी, काचेचं थंडगार फॅमिली रेस्टॉरंट, आणि या सगळ्यांच्या पुढून नवा कोरा फुटपाथ. म्हणायला फुटपाथ, पण त्यावर एकाची पाटी, दुसऱ्याच्या खुर्च्या, तिसऱ्याची मोटारसायकल. तरी मला ही जागा आवडते, खोटं कशाला बोलू? गॅलरीत मशीन टाकून मी ब्लाऊज शिवते, आणि संध्याकाळी खालून तळणाचा वास आला की पायडलवरचा पाय आपोआप थांबतो.

मामा, म्हणजे माझे सासरे, इथं आले ते डावा हात प्लास्टरमध्ये घालून. सारा जन्म पेडगावच्या शिवारात मेंढरांमागं गेला. सासूबाई गेल्यावरही तिथंच एकटे राहिले. एक दिवस ओढ्यात पाय घसरला आणि दुपारपासून दिवस मावळेपर्यंत तिथंच पडून होते. मेंढरं तेवढी आपापली घरी आली, म्हणून शेजाऱ्यांना कळलं. मग यांनी बापाला मेंढरं विकायला लावली आणि इकडं घेऊन आले. मामांनी दारातच सांगून टाकलं, "आठ दिस बघतो. गमलं तर राहतो, न्हाई तर मपलं गाव बरं."

यांची त्या दिवसापासून झोप उडाली. "आबा परत गेले आणि पुन्हा पडले तर?" एवढंच एक घोकणं.

आणि मामा तर खुर्चीतून हलेनात. खाली फिरून या म्हटलं की म्हणायचे, "कशाला? काम न्हाई, धाम न्हाई. म्होरं मेंढरू न्हाई आन् नुसतं चालायचं? लोक म्हणतील, म्हातारा चुकलाय."

"अहो मामा, इथं लोक पैसे देऊन जिममध्ये पट्ट्यावर चालतात. तासभर चालून एक पाऊल पुढं जात नाहीत!"

त्यावर मात्र हसले, आल्यापासून पहिल्यांदा. "येडे हायत का काय?"

जेवायला माझी ज्वारीची भाकरी तेवढी खायचे, तीही मुकाट्यानं. चांगली झाली म्हणाले नाहीत, वाईट झाली म्हणाले नाहीत. त्याचाही थोडा राग होताच माझ्या मनात.

पाचव्या दिवशी रविवार होता. यांनी ठरवलं, तिघांनी चालत त्या काचेच्या रेस्टॉरंटात जेवायला जायचं. मामा लगेच तयार. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, काखेत पिशवी. पण रस्त्याला लागले ते थेट मधोमध! मागून हॉर्नवर हॉर्न. मामांना त्याचं काहीच नाही. जन्मभर कळपासंगं चालले, गाड्याच थांबायच्या त्यांच्यासाठी. मी बाही धरून त्यांना फुटपाथवर ओढलं, तर तिथं मोमोवाल्याची स्टुलं.

"ह्याच्यापरीस बांध बरा," मामा म्हणाले. "चालाय तरी येतं."

रेस्टॉरंटात भाजी आली. मामांनी पिशवीतून दस्ती काढली, मोठा रुमाल म्हणा, गाठ सोडली आणि टेबलावर भाकरी ठेवली. आमच्याकडची जुनी रीतच आहे ती. बाजारच्या दिवशी हॉटेलात भाजी विकत घ्यायची, भाकर घरची. कोणी त्यात वावगं मानायचं नाही, उलट हॉटेलवाला वरून रस्सा वाढायचा. मामांना वाटलं, हॉटेल ते हॉटेल.

वेटर म्हणाला, "बाबा, बाहेरचं खाणं इथं चालत नाही."

शेजारच्या टेबलावर माझं एक गिऱ्हाईक बसलं होतं, चांगल्या घरची बाई. तिनं वळून पाहिलं. झालं! माझ्या जिभेला हाड नाही, हे माहेरापासून सगळ्यांना माहीत आहे.

"मामा, ठेवा ते आत! चारचौघांत लाज काढली आमची."

मामांनी भाकरी परत दस्तीत ठेवली. एका हातानं दस्तीची गाठ मारायला लागले. जमेना. शेवटी यांनी मारून दिली. "मला भूक न्हाई," म्हणून पाण्याचा पेला पुढं घेऊन बसले ते आमचं जेवण होईपर्यंत. घरी येताना ते फुटपाथवरून चालले. आमच्या मागून, कडेकडेनं, प्रत्येक खुर्चीला वळसा घालत. मी मागं वळून पाहिलं आणि पाऊल हळू टाकलं.

सकाळी मामांची पिशवी भरलेली होती. "पेडगावची गाडी कवा हाय?"

हे आपलं दुकान उघडायला निघाले होते. भांडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "आता तूच सोडून ये त्यांना."

मी वाटेसाठी भाकरी थापल्या. डोळे पुसत थापल्या, काय लपवायचं? मग मामांना म्हटलं, चला, स्टँडवर सोडते.

रेस्टॉरंटाच्या अलीकडं गंगाखेडच्या एका बाईनं छोटीशी मेस टाकली आहे. दोन बाकडी आणि एक गॅस, संपलं. तिच्यापुढून जाताना माझे पाय थांबले.

"ताई, नुसती भाजी मिळेल का? भाकर आमची आहे."

"मिळंल की! बसा बाबा. आमच्या बाजारात असंच खातेत."

वांग्याची भाजी आली. मी माझ्या हातातलं भाकरींचं फडकं सोडायला लागले, तर मामा म्हणाले, "थांब, आदी कालची संपू दे." आणि पिशवीतून तीच दस्ती काढून माझ्यापुढं सरकवली. मी गाठ सोडली. आत तीन भाकरी होत्या. काल वरची एकच तेवढी माझ्या डोळ्यांना दिसली होती.

"तीन कशाला आणल्या होत्या, मामा?"

"तीन मानसं न्हवतो का आपन?"

मग मेसवाल्या बाईकडं वळून म्हणाले, "हिच्या हातची हाय. खाऊन बघा. काल त्या वाढप्याला म्हननार होतो, तुमची रोटी ऱ्हाऊ द्या, आमच्या सुनंची भाकर बघा एकदा. पर बोलायच्या आदीच..." आणि त्यांनी भाकरी तिच्यापुढं सरकवली.

बाईनं तुकडा मोडला, रश्शात बुडवला, मान डोलावली. ज्या भाकरीची मला लाज वाटली, ती माझीच होती, आणि हा माणूस ती मिरवायला घेऊन निघाला होता.

"मामा, चुकलं माझं."

"खा आदी. वाळली तरी ग्वाड हाय."

खाऊन आम्ही बाहेर आलो. स्टँडची वाट उजवीकडं, घराची डावीकडं. मामा सवयीनं रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. या खेपेला मी त्यांची बाही धरली नाही, शेजारी जाऊन उभी राहिले. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. वाजव बाबा, म्हटलं.

मामांनी पिशवी माझ्या हातात दिली.

"उद्याच्याला दोन भाकरी जास्त थाप," म्हणाले. "त्या बाईला देऊ."

आणि घराच्या वाटेला लागले.