यंत्रास 'श्री' ठाऊक नसल्याबाबत

न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो त्याच वर्षी मी विलेपार्ल्याच्या एका संगणक-वर्गात नाव घातले. एका कार्यालयाने माझ्या सहा पत्रांना मिळून 'संगणकाची चूक' एवढाच खुलासा धाडला होता. आरोपीची उलटतपासणी घ्यायची तर त्याची भाषा यावी लागते, हे मी साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी बसून आयुष्यभर पाहिले होते.

वर्ग पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर भरे. यंत्राला धूळ सोसत नाही म्हणून चपला जिन्यातच काढाव्या लागत. खालून येणारे पीठ मात्र विनापरवाना आत येई. शिकवणारी मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची, मूळची कोकणातली. ती मला काका म्हणे आणि मी तिला बाई म्हणे, कारण शिकवणाऱ्याचे पद वयावरून ठरत नाही.

यंत्राचा पडदा आडवा दुभागलेला होता. वरच्या भागात आपण मजकूर लिहायचा, खोडायचा, सुधारायचा. तिथे काहीही लिहा, परिणाम शून्य. खालच्या भागात यंत्राचा दुभाषी बसलेला असे. त्याच्याकडे एखादी ओळ गेली की तो ती तत्क्षणी अमलात आणी आणि तिथल्या तिथे उत्तर देई. वरचे खाली धाडायला दोन कळा होत्या: एकीने कर्सर असेल तेवढीच ओळ जाई, दुसरीने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा मजकूर. मला ही व्यवस्था फार पटली. वर कच्चा मसुदा, खाली न्यायासन, आणि कळ म्हणजे सही-शिक्का. पत्राला इतक्या तत्परतेने उत्तर देणारे कार्यालय मी प्रथमच पाहत होतो.

मी स्वतःसाठी उपयुक्त असे काम निवडले: पत्राची तारीख आणि आजची तारीख दिली की उत्तराविना किती दिवस गेले ते सांगणारी आज्ञावली. बाईंच्या मदतीने ती पंधरा दिवसांत लिहून झाली. मग मी सगळा मजकूर खाली धाडला आणि दुभाष्याने पहिल्याच ओळीवर काम थांबवले. पहिल्या ओळीत मी, कोणत्याही कागदाच्या माथ्यावर लिहितो तसा, 'श्री' लिहिला होता. देवनागरीची सोय नसल्याने रोमन अक्षरांत. हा शब्द आपल्याला ठाऊक नाही, असे यंत्राचे म्हणणे पडले.

"बाई, याला श्री माहीत नाही."

"काका, आपण सांगितल्याशिवाय त्याला स्वतःचा बाप पण माहीत नसतो. काढून टाका ना ती ओळ."

मी घरी गेलो आणि वर्गाच्या घाटकोपरला बसणाऱ्या संचालकांना नऊ मुद्द्यांचे पत्र लिहिले. मुद्दा चार असा होता की, ज्या खोलीत प्रवेशापूर्वी देवळासारख्या चपला काढाव्या लागतात, त्या खोलीतील यंत्रास श्री ठाऊक नसणे ही उघड विसंगती आहे. मुद्दा सात: शिक्षिकेने 'श्री काढून टाका' असा सल्ला दिला. पत्र रजिस्टर पोस्टाने गेले आणि पोचपावती माझ्या फायलीत दाखल झाली.

पुढच्या आठवड्यात बाई कळफलकावरचे पीठ पुसत बसल्या होत्या. संचालकांनी त्यांना घाटकोपरला बोलावून घेतले होते. शनिवारी ते स्वतः येऊन तक्रारदाराची आज्ञावली चालते का ते पाहणार होते. न चालल्यास पहिल्या तारखेपासून दुसरी शिक्षिका.

"वडील कामाला होते ती कापडगिरणी बंद पडलीये, काका. घरात माझ्या एकटीचा पगार आहे. पत्र लिहिलंत ते लिहिलंत, त्यात मला कशाला ओढलंत?"

मी तीन ओळींचे माघारीचे पत्र त्याच संध्याकाळी टाकले, परंतु ते सोमवारच्या आत पोहोचण्यासारखे नव्हते. एकदा रवाना झालेला कागद परत बोलावण्याची तरतूद कोणत्याच कायद्यात नाही.

बाईंनी उपाय काढला. 'श्री म्हणजे काहीही न करता पुढे जाणे' अशी व्याख्या यंत्राला एकदा देऊन ठेवायची. ती त्या माझ्या मजकुरात सर्वांत वर लिहू लागल्या. मी त्यांना थांबवले. श्रीच्या वर काहीही येत नाही.

त्यांनी कर्सर तळाला नेला. "बरं. तळाला लिहिते. पण पाठवायची मात्र आधी, त्या एका ओळीची कळ दाबून. कागदावर कोण कुठे बसलंय ते तो बघत नाही. त्याच्याकडे आधी कोण आलं, एवढंच बघतो."

हे मला इतरांहून अधिक समजले. परिशिष्ट शेवटी जोडतात, पण तयार आधी व्हावे लागते.

शनिवारी संचालक आले. जिन्यात बूट काढल्यावर त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला दिसला, त्याची मी मनोमन नोंद घेतली. तेवढ्यात खाली चक्की सुरू झाली, दिवे गेले आणि आले. यंत्र पुन्हा चालू करावे लागले. माझा मजकूर फ्लॉपीवर सुरक्षित होता. मी तो वर आणला आणि सगळा खाली धाडला. श्री ठाऊक नाही, असे उत्तर आले.

"हेच का ते?" संचालकांनी विचारले. बाई काही सांगू लागल्या तेव्हा त्यांनी हात वर केला. "तुम्ही नका बोलू. ह्यांना करू दे."

 सकाळी सरावाच्या वेळी तर यंत्राने श्री निमूट मान्य केला होता. मग लक्षात आले की दिव्यांबरोबर तो दुभाषीही गेला; आता खाली बसला आहे तो नवा न्यायाधीश, आणि जुन्यासमोर काय दाखल झाले होते ते याला ठाऊक असण्याचे कारण नाही. मी कर्सर तळाच्या ओळीवर नेला, तेवढी एकच ओळ धाडली आणि नंतर श्रीपासून सगळा मजकूर.

श्री कुरकुर न होता पार पडला. यंत्राने दोन तारखा मागितल्या, मी दिल्या. उत्तर आले: बारा.

"बारा काय?"

"माझ्या पत्राला आपण उत्तर दिलेले नाही, त्याला झालेले दिवस."

संचालकांनी बोटांवर दिवस मोजले. मग त्यांनी शिक्षिकेविषयीच्या तक्रारीचे काय, असे विचारले.

"मुद्दा सात मी मागे घेतला आहे. तसे पत्र सोमवारी मिळेल. उरलेले आठ कायम आहेत."

"शिकवलंय मात्र नीट," ते बाईंकडे न पाहता म्हणाले, आणि पहिल्या तारखेच्या तुकडीचे वेळापत्रक त्यांच्याच हाती देऊन बूट शोधायला गेले.

बाई जिन्यात चपला घालताना म्हणाल्या, "काका, यापुढे तुम्ही फक्त वरच्या भागात लिहायचं. खाली पाठवायची कळ माझ्याकडे."

ही अट मान्य असल्याचे मी त्यांना दुसऱ्याच दिवशी लेखी कळविले, रजिस्टर पोस्टाने.