म, ध, ली, सु, ट्टी

शाळेचं वेळापत्रक वीस वर्षं मी हाताने आखलं. कार्डशीट, स्टीलची पट्टी, लाल शाई. माझ्या पट्टीला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नसे. चौथ्या तासानंतरच्या ओळीत सोमवारी म, मंगळवारी ध, बुधवारी ली, गुरुवारी सु, शुक्रवारी ट्टी. पाच वार, पाच अक्षरं! शनिवारी सकाळची शाळा, मधली सुट्टी नाही, म्हणून तिथे फुली.

मग सदाशिव पेठेतल्या आमच्या शाळेत संगणक आला. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "यंदा वेळापत्रक छापील हवं. जमणार नसेल तर तसं सांगा, काम दुसऱ्या कुणाला देऊ."

माझं काम दुसऱ्या कुणाला? माझे कान तापले. "जमेल," मी म्हणाले.

कसलं जमतंय! हाताने मी अक्षरं चौकटभर काढायची. इथे ती मोहरीएवढी कोपऱ्यात बसली. मोठी करायला गेले तर शेवटचा तास दुसऱ्या पानावर गेला. रडायचीच बाकी होते. शेवटी संगणक शिकवणारी नवी बाई, माझ्या मुलीच्या वयाची, शेजारी येऊन बसली.

"बाई, या ओळीतले सगळे वार सिलेक्ट करा. आता मर्ज सेल्स."

मी बटण दाबलं आणि मधल्या उभ्या रेघा गेल्या. खोडल्याची खूणसुद्धा नाही! सोमवार ते शनिवार एकच लांब, मोकळी चौकट. सगळी अक्षरं एकाखाली एक गोळा झाली होती. ती फुलीसकट पुसून मी पहिल्यांदाच सलग लिहिलं: मधली सुट्टी. कितीतरी वेळ मी नुसती बघत राहिले.

शनिवारी चौथा तास संपला आणि लांबलचक घंटा झाली. शिपाईमामा नव्या कागदाबरहुकूम वागले होते. मी खिडकीशी धावले. वीस वर्षांत शनिवारी त्या वेळी मैदान मी कधी भरलेलं पाहिलं नव्हतं. कुणाजवळ डबा नव्हता, तरी सगळी शाळा ओरडत पळत होती. माझी एक रेघ गेली म्हणून! अंगावर काटा आला, आणि लगेच आठवलं, आता काम गेलं.

मुख्याध्यापिकाबाई वेळापत्रकासमोर उभ्या होत्या.

"हे काम आता कुणाकडे?" मी विचारलं.

"तुमच्याकडेच. शनिवारी सुट्टी द्यायची हिंमत आमच्यात कुणात आहे?" त्या कागदावरची नजर न काढता म्हणाल्या. "मात्र आज मुलांना आत तुम्हीच बोलवा."

मी खाली गेले. शिपाईमामांच्या हातून घंटेची हातोडी घेतली, आणि चांगली पाच मिनिटं ती तशीच धरून उभी राहिले.