मरियामातेचं लुगडं

देवरीकडच्या एका खेड्यात कौलारू चर्च आहे. शाळेत असताना मैत्रिणीबरोबर नाताळला तिथं गेले आणि वेदीमागच्या चित्रापुढून हलेचना. मरियामाता, कडेवर बाळ, आणि अंगावर चक्क हिरवं लुगडं! आम्ही बौद्ध घरातले. "तुले कायले पायजे थे?" म्हणून आई चिडायची. पण मी हट्टानं ख्रिस्ती चित्रकलेचा इतिहास शिकले, मग जुन्या चित्रांचं संवर्धन.

गेल्या वर्षी सुट्टीत आले ती कानात वारं भरल्यासारखी. चित्र जवळून पाहिलं, तर लुगडं नंतर चढवलेलं, पाट्या रंगवायच्या ऑइलपेंटचं. खाली निळा परदेशी झगा. फादर नवीनच बदलून आलेले. "मूळ चित्र मोकळं करते," म्हटलं, तर ते "करा" म्हणाले. गावात कुणाला विचारावं हे मला सुचलंसुद्धा नाही. केवढी मी शहाणी! तीन दिवस औषधात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यांनी पुसत बसले. काठाशी बोळ्यावर लाल यायचा, मग पिवळा, पुन्हा लाल. मला तो मळच वाटला.

रविवारी चर्च झाडणारी म्हातारी गोंदियाहून, लेकीकडून परतली. वेदीसमोर थबकलीच.

"बाईच्या अंगावरचं लुगडं कोनं काढलं व?"

"मी, आजी. तीन दिवस पुसून. ते नंतर कुणीतरी रंगवलेलं होतं."

"कोनीतरी? माह्या बुढ्यानं!"

तिचा नवरा भात गिरण्यांच्या पाट्या रंगवायचा. झग्यातली माता गावच्या बायांना परकी वाटे, म्हणून त्यानं तिला लुगडं नेसवलं. पुढं दर नाताळाला, घरात नवे कपडे येतात तसा, तो तिच्या लुगड्याला नवा काठ चढवायचा. मरेपर्यंत. त्याच्या हातचं दुसरं काही उरलं नव्हतं. संताप आला तो माझाच.

"तू शिकून राहिली ना? मंग नेसव परत."

"शेवटचा काठ कसा होता, आजी?"

"मले आता धड दिसते का? तूच तं तीन दिस पायत होतीस."

मला आठवेना. खरंच आठवेना. मी तो पाहिलाच नव्हता, नुसता पुसला होता.

"बरं, मोबाइलात फोटो तं असन? थोच दे मले."

काम सुरू करण्याआधी फोटो काढायचा, हा आमचा पहिला धडा. माझ्याकडे चाळीसेक फोटो होते. सगळे निळ्या झग्याचे.