राग सोडून दुसरं काहीतरी

सोसायटीच्या चेअरमनच्या स्कूटरवर मी पाच लिटर इडलीचं पीठ ओतलं, तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होते. हे आधीच सांगते, कारण नंतर बऱ्याच जणांनी मला त्यातून सुटायची वाट काढून दिली. बीपी वाढलं असेल, झोप झाली नसेल, वयच तसं आहे, वगैरे. तसलं काही नव्हतं. रविवारची सकाळ होती, नऊ तास झोप झाली होती, पीठ छान फुगलं होतं. मी गाऊनवरच तीन मजले उतरले, पातेलं उपडं केलं, आणि चेअरमन "वहिनी, हे काय, हे काय" करत धावत आले तेव्हा मी म्हणाले, "चटणी वर आहे. येऊन घेऊन जा."

पहिल्या मजल्यावरच्या कुणीतरी व्हिडिओ काढला. दुपारपर्यंत तो बदलापुरात आमच्या कात्रपभर फिरला आणि संध्याकाळी नाशिकहून मावशीचा फोन आला, "गाऊन कुठून घेतलास गं?"

मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. माल पास करायचा की नापास, यावर सही माझी. नापास करण्यात माझा हात जरा जास्तच बसलाय, असं माझा नवरा म्हणतो. म्हणजे आता म्हणतो. तेव्हा तो काही म्हणत नसे. माझा आवाज चढला की तो उठून बाल्कनीत जायचा आणि झाडांना पाणी घालायचा. दिवसातून पाच-पाच वेळा. आमच्याकडे लागोपाठ तीन तुळशी कुजून मेल्या आणि मी नर्सरीवाल्याला झापून आले की तुमची रोपंच बोगस.

स्कूटरच्या प्रकरणाने मला फारसं काही वाटलं नाही, खरं सांगायचं तर. थोडा अभिमानच वाटला. वाटलं ते आठवडाभराने. मुलगी तेव्हा नववीत होती. ती क्लासहून आली, मी आत कपडे घडी करत होते. दाराशी बूट काढता काढता तिने हळूच बाबाला विचारलं, "आज कसंय?" आणि त्याने तोंडाने काही न बोलता हाताचा पंजा आडवा धरून जरासा हलवला. ठीकठाक, पण जपून. पॅसेजमधल्या आरशात मला तो पंजा दिसला. ते इतकं सवयीचं होतं की दोघांनी एकमेकांकडे बघितलंही नाही. मुलीने बूट आवाज न करता कप्प्यात ठेवले.

मी टॉवेल तीनदा उलगडला आणि तीनदा घडी केला. दुसऱ्या दिवशी उल्हासनगरच्या एका मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घेतली. उल्हासनगर अशासाठी की बदलापुरात ओळखीचे भेटतात आणि अंबरनाथमध्ये कंपनीचे. उल्हासनगरात मी फक्त पडद्याचं कापड घ्यायला जायचे.

डॉक्टरांनी सगळं नीट ऐकलं, एक छोटीशी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "गोळी मदत करेल. खरं काम शेजारच्या खोलीत आहे." शेजारच्या खोलीत जेमतेम अठ्ठावीस वर्षांची एक मुलगी बसली होती. समुपदेशक. खाली फर्निचरची दुकानं, त्यामुळे दर दोन मिनिटांनी ड्रिल मशीन चालायचं आणि ती शांतपणे थांबायची. मी तिच्या जागी असते तर खाली जाऊन ते ड्रिल कुठे घालायचं ते सांगून आले असते.

"राग येण्याआधी काय वाटतं तुम्हाला?" तिने विचारलं.

"राग."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीपण रागच. माझ्याकडे स्टॉक भरपूर आहे."

ती हसली नाही. म्हणाली, भावना म्हणजे समजा प्रेशर कुकर... मी तिला तिथेच थांबवलं. "मॅडम, मी केमिस्ट आहे. रिअ‍ॅक्टरजवळ आयुष्य गेलंय माझं. कुकर नको."

"बरं, कुकर नको," ती म्हणाली, आणि एक कागद पुढे सरकवला. रोज लिहायचं: काय घडलं, मनात काय विचार आला, अंगात कुठे काय जाणवलं, काय केलं. आणि एक रकाना होता, भावनेचं नाव. "यात राग सोडून दुसरं काहीतरी लिहायचं," ती म्हणाली. "राग असला तरी त्याच्या शेजारी अजून एक शब्द."

पहिल्या आठवड्यात मी लिहिलं: संताप, चीड, वैताग, डोक्यात जाणे. कागद नीटनेटका, तारीख-वेळेसह, खाली सही. तिने वाचून परत दिला. आयुष्यात पहिल्यांदा माझीच बॅच नापास झाली.

मग तिने मला शनिवारच्या गटात घातलं. दुपारी तीन वाजता, सहा माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या. भावना आवरायला शिकणे, असा तो एकूण कार्यक्रम. बर्फाच्या पाण्यात तोंड बुडवायचं, श्वास लांब सोडायचा, जे करावंसं वाटतंय त्याच्या उलट करायचं. मला हे सगळं बालवाडीसारखं वाटलं, आणि मी तसं बोललेही. माझ्या शेजारी सत्तरीचे एक सिंधी काका बसायचे. कपड्याचं दुकान होतं, आता मुलं चालवतात. ते म्हणाले, "तो फिर बालवाडीमधी फेल कशाला होता, अदी?" अदी म्हणजे मोठी बहीण. त्यांच्यापेक्षा मी पंचवीस वर्षांनी लहान, पण गुस्सा मोठा म्हणून मीच मोठी, असा त्यांचा हिशोब.

काकांचं दुखणं उलटं होतं. ते रडायचे. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, आणि ते कुठेही रडायचे. भाजीबाजारात कमळकाकडी दिसली की रडायचे, कारण बायको ती छान करायची. बँकेत टोकन नंबर पुकारला तरी रडायचे, ते का, हे त्यांनाही माहीत नव्हतं. दुकानात गल्ल्यावर बसले की गिऱ्हाईक कापड सोडून त्यांचंच सांत्वन करत बसे. शेवटी मुलांनी हात जोडले, पप्पा, घरी बसा.

"आपण एक्स्चेंज करू," ते मला म्हणाले. "माझं थोडा रोना तुम्ही घ्या. तुमचा थोडा गुस्सा मला द्या. मुलांवर एकदा तरी ओरडून बघतो."

समुपदेशक मुलीने ते गंभीरपणे घेतलं आणि आमची जोडी लावली. काकांनी मला प्रश्न विचारायचे, मी उत्तरं द्यायची. मी स्कूटरची गोष्ट सांगितली. ती मी चांगली सांगते. चेअरमनचा आवाज काढते, किल्लीच्या भोकात पीठ कसं आंबलं ते सांगते. सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पाँच लिटर? घरात माणसं तीन. कोण येणार होतं?"

"भाऊ," मी म्हणाले. "पुण्याहून. बायको, मुलं, सगळे."

"मग? आले?"

आले नाहीत. चेअरमनने पाहुण्यांच्या गाडीची जागा स्कूटर लावून अडवली होती. मी सकाळपासून दोनदा खाली जाऊन ती हलवायला सांगितली होती. भाऊ गेटपर्यंत आला, पाच मिनिटं हॉर्न वाजवला, मग वर फोन केला. गाडी लावायला जागा नाही, मुलं कंटाळलीत, आम्ही कर्जतच्या रिसॉर्टलाच जातो, परत कधीतरी येऊ. आई गेल्यावर दीड वर्षांत तो पहिल्यांदाच येत होता. मी म्हणाले, "बरं." फोन ठेवला आणि पातेलं उचललं.

हे सगळं मी सांगितलं तेव्हा मला वाटलं मी अजून गोष्टच सांगतेय. मग लक्षात आलं की खोलीत कुणी हसत नाहीये आणि माझी हनुवटी हलतेय.

"अदी," काका म्हणाले, "हे स्कूटरचा मॅटर नाहीये."

मी रडले. सहा अनोळखी माणसांसमोर, नाक शिंकरत. खाली नेमकं ड्रिल बंद होतं, त्यामुळे बहुतेक फर्निचरवाल्यांनीही ऐकलं असेल. काकांच्या डोळ्यांत मात्र त्या दिवशी टिपूस नव्हता. ते एकदम टवटवीत दिसत होते. त्या आठवड्याच्या कागदावर मी लिहिलं: राग, आणि शेजारी: कुणी थांबलं नाही याचं वाईट वाटणं. समुपदेशक मुलीने वाचलं आणि म्हणाली, "पास."

यानंतर मी बदलले वगैरे काही समजू नका. पुढच्याच मंगळवारी अंबरनाथ स्टेशनबाहेर एका रिक्षावाल्याने बुवापाड्याचं दुसरं गिऱ्हाईक आधी घेतो म्हणून मला भर उन्हात रिक्षातून उतरवलं. मी त्याला जे सुनावलं, ते ऐकायला बाकीच्या रिक्षाही थांबल्या. शनिवारी ते कागदावर शब्दशः लिहून नेलं. समुपदेशक म्हणाली, "छान."

"यात छान काय आहे?"

"तुम्ही लिहिलंत. आणि इथे लिहिलंय, 'पाच मिनिटांत संपलं.' आधी किती चालायचं?"

आधी असा एखादा रिक्षावाला मला गुरुवारपर्यंत पुरायचा.

खरी परीक्षा कंपनीत झाली. शनिवारी अर्धी रजा लागायची म्हणून मी एचआरला खरं कारण सांगितलं होतं. ते फिरत फिरत प्रॉडक्शन मॅनेजरपर्यंत गेलं असणार. एका बॅचमध्ये ओलावा मर्यादेपेक्षा जास्त आला, मी ती अडवली. माल त्याच दिवशी जायचा होता. मॅनेजर लॅबमध्ये आला, माझे तीन ज्युनिअर समोर उभे, आणि हसत हसत म्हणाला, "काय मॅडम, आज गोळी घेतली नाही वाटतं?"

माझ्या हातात काचेचा फ्लास्क होता. तो मी खाली ठेवला. ही एवढीशी कृती मला किती जड गेली हे कुणाला सांगून कळणार नाही. "पाच मिनिटांत येते," म्हणाले आणि वॉशरूममध्ये गेले. लॅबमधून बर्फाचा ट्रे घेऊन गेले होते. बेसिनमध्ये बर्फ ओतला, पाणी सोडलं, तोंड बुडवलं. काजळ गालांवर उतरलं. वर बघितलं तर आरशात मी आणि माझ्यामागे सफाईवाल्या मावशी. "मॅडम, चक्कर आली का?"

"नाही मावशी. राग आलाय."

"मग बुडवा अजून," त्या म्हणाल्या आणि पोछा मारायला लागल्या.

शिकवलं होतं तसं स्वतःला विचारलं. तो हे बोलला का? बोलला. सगळ्यांसमोर? हो. अपमान करायलाच? हो. म्हणजे राग चुकीचा नाही. हे माझ्यासाठी नवीन होतं. मला वाटायचं, उपचार म्हणजे आपल्याला गरीब गाय करून सोडणार. इथे तर प्रश्नांची उत्तरं देऊन राग सही-शिक्क्यानिशी पास झाला होता. फक्त फ्लास्क फेकायचा नव्हता.

परत गेले. "गोळी घेतली आहे," मी म्हणाले. "बॅच पास होणार नाही. आणि आत्ता तुम्ही जे बोललात ते मी लिहून देणार आहे." त्याला बहुतेक फ्लास्कची अपेक्षा होती. माझ्या आरडाओरड्यावर हसायची त्याची तयारी झाली होती, आणि आता ती कुठे ठेवायची ते त्याला सुचेना. तो निघून गेला. बॅच परत प्रोसेसला गेली. एचआरने त्याला माफी मागायला लावली, "मॅडमना वाईट वाटलं असेल तर" अशा थाटाची. मी ती नापास केली नाही. तेवढी सूट दिली.

गट संपला तेव्हा काकांनी सगळ्यांना कोकी आणली होती, त्यांची जाड, कांदा घातलेली पोळी. स्वतः लाटलेली, त्यामुळे प्रत्येकीचा नकाशा वेगळा. बायकोची आठवण येऊन मध्येच रडले, पाणी प्यायले आणि पुढच्या माणसाला वाढायला लागले. म्हणाले, दुकानात परत बसतो आता. मुलं काही बोललीच तर सांगतो, आपण रडतो, पण भाव कमी करत नाही.

मी भावाला फोन केला. तू त्या दिवशी निघून गेलास त्याचं वाईट वाटलं, एवढंच म्हणाले. तो गडबडला. म्हणाला, "तू ओरडशील असं वाटलं होतं, म्हणून तर पळालो." तो अजून आलेला नाही. पण आता दर रविवारी फोन करतो, आणि आम्ही दोघंही फोन ठेवायला वेळ लावतो.

घरात मात्र काहीतरी विचित्रच सुरू झालं. एका जेवणात नवरा म्हणाला, "मला ही भरली वांगी आवडत नाहीत."

"कधीपासून?"

"लग्नापासून."

सतरा वर्षं. मी कागदावर लिहिलं: राग, आणि शेजारी: लाज. थोडं हसू पण.

आणि परवा मुलगी. अकरावीचा कुठलातरी ऑनलाइन फॉर्म तीनदा अडकला, मी मागून म्हणाले, लांब श्वास घे. ती ताडकन उठली. "तुझं ते थेरपीचं मला शिकवू नकोस! तुला दर वेळी सगळं माहीत असतं!" ओरडली, अगदी पोटातून, आणि खोलीचं दार इतक्या जोरात आपटलं की कॅलेंडर खाली पडलं.

नवऱ्याने घाबरून माझ्याकडे बघितलं. मी कॅलेंडर उचलून खिळ्याला लावलं. माझ्या घरात, माझ्या तोंडावर, कुणीतरी पहिल्यांदा ओरडलं होतं. मला राग आला होता, ते खरंच. शेजारचा शब्द शोधत मी बराच वेळ तिच्या दाराबाहेर जमिनीवर बसून राहिले. आतून तिने विचारलं, "तू बाहेर बसलीयेस का?"

"हो."

"मग बस," ती म्हणाली. "मी अजून चिडलेय."

"चालेल," मी म्हणाले.