‘सांधा’चा पहिला वाचक

मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरातल्या मयूराने एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस नेल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. पुण्याहून शिकायला आली, इथेच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली. मेलबर्नला दुसऱ्यांदा लॉकडाउन लागला, तेव्हा दिवसभर स्वॅब तपासून घरी आल्यावर लोक आडवे झाले असते. हिने त्रैमासिक काढलं! विज्ञान, समाज आणि अध्यात्म यांना जोडणारं, म्हणून नाव ‘सांधा’. पीडीएफ करून तिने ऑस्ट्रेलियाभरच्या मराठी ग्रुपांवर धाडलं आणि खाली स्वतःचा नंबर दिला, ‘परखड प्रतिक्रिया कळवा.’

प्रतिक्रिया आल्या की! चहा उकळायच्या आत. “अप्रतिम अंक!” “स्तुत्य उपक्रम!” जोडलेल्या हातांची तर रांगच लागली. आपली रीतच आहे ती. वाढदिवस असो, बारसं असो की मासिक, हात जोडायचे आणि मोकळं व्हायचं.

“एवढ्यात वाचून झालं सगळ्यांचं?” मयूरा भडकली.

“रिलॅक्स गं,” तिचा नवरा हृषीकेश म्हणाला. “लोकांना आवडलं ना? नो वरीज.”

“मला खरोखर वाचलेला एक माणूस हवाय. तो मिळाला नाही, तर दुसरा अंक काढणार नाही.”

शनिवारी दुपारी फोन आला.

“‘सांधा’वाल्या बाई का? मी चंद्रहास कर्वे, सिडनीहून. इथे ब्लॅकटाउनला मुलाकडे आलो आणि परतीची विमानं बंद झाली. बाई, तुमचा अंक अर्धाच आहे.”

मयूराने फाइल उघडली. तिचाच शेवटचा लेख, ‘दूरचं सुतक’, मधेच तुटला होता. ‘आपलं माणूस सातासमुद्रापार गेलं, तर निरोप देताना सर्वांत आधी’ आणि पुढे पानच नाही! घाईत तिने अर्धवट फाइल धाडली होती, आणि एवढ्या सगळ्या हात जोडणाऱ्यांपैकी एकालाही पत्ता नव्हता. तिला हसावं की रडावं कळेना.

“सर्वांत आधी काय?” पलीकडून प्रश्न आला. “माझा धाकटा भाऊ गेला हो, पुण्यात. मुरलीधर. सोमवारी. म्हणून विचारतोय.”

तिने पूर्ण लेख काढला. पुढे लिहिलं होतं, ‘विधींमागचं मानसशास्त्र समजून घ्यावं.’ लिहिताना हे वाक्य तिला फार आवडलं होतं. आता ते या माणसाला ऐकवायला तिची जीभ रेटेना. स्वतःची लाजच वाटली तिला.

“काका, पुढे कामाचं काही नाहीये. तुम्ही काय केलंत?”

“मी? बॅकयार्डात जाऊन होजपाइप अंगावर घेतला. इथली जुलैची थंडी! मुलगा ओरडला, ‘बाबा, आत हॉट वॉटर आहे ना!’ पण मुरली आणि मी लहानपणी नळावर अंघोळ करायचो, आधी कोण म्हणून भांडायचो. पाणी डोक्यावर पडलं, तेव्हा कुठे रडू फुटलं.”

मयूराने डोळे पुसले आणि पेन घेतलं. “हे मला दुसऱ्या अंकासाठी हवंय.”

“मला नाही लिहिता येत.”

“तुम्ही बोला. मी लिहून घेते.”

दुसरा अंक ऑक्टोबरात निघाला. पहिल्याच पानावर ‘दूरचं सुतक’ होतं आणि शेवटी काकांची हकीकत. लेखाचा आपला जुना शेवट मयूराने स्वतःच कापून टाकला होता. या खेपेस शेवटचं पान डोळ्यांनी बघून मगच अंक धाडला. पुन्हा जोडलेले हात आले, तर तिने एकेकाला उलट विचारलं, “पहिलं पान वाचलंत?” काहींनी मग खरंच वाचलं.

संध्याकाळी काकांचा फोन आला.

“अंक वाचला. एक चूक आहे.”

“कुठे?” तिने घाईने फाइल उघडली.

“खाली माझं नाव छापलंयस. ते काढ. ‘मुरलीधरचा भाऊ’ एवढंच लिही.”

मयूराने नाव बदललं आणि अंक सगळ्यांना पुन्हा धाडला.